गुरुवारी पहाटे दादर, शनिवारी रात्री परत

कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं एखादं माणूस मुंबईत असतं. त्यामुळे मुंबईला जाणं होतं ते लग्नाला, बारशाला नाहीतर हॉस्पिटलात. मुंबई बघायला म्हणून कोणी सहसा जात नाही, आणि पोरांची राणीची बाग दर वर्षी राहून जाते. पुन्हा 'मुंबई म्हणजे खर्च' ही भीती असतेच. खरं तर मुंबईत गाड्या, बसा, बागा स्वस्तच आहेत. पैसे जातात ते चुकीच्या वारी गेल्यामुळे, चुकीच्या वेळी निघाल्यामुळे आणि हातात बोचकी असल्यामुळे.

हिशेबाला एक घर धरू: आई, बाबा, ८ आणि ११ वर्षांची दोन मुलं आणि ७६ वर्षांची आजी. निघायचं रत्नागिरी किंवा चिपळूणहून.

एसटीत महिलांना निम्मं तिकीट (मार्च २०२३ पासून), ५ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. म्हणजे बाबा एक, आई अर्धी, मुलं अर्धी-अर्धी, आजी शून्य: पाच माणसं अडीच तिकिटांत. आरक्षणाचं शुल्क वेगळं. आजीचं मूळ आधार कार्ड बरोबर हवं, नाहीतर कंडक्टरशी वाद नक्की. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लागतं. बर्थ नको म्हटलं तर अर्धं. आठ वर्षांचं पोर आईजवळ झोपत असेल तर 'बर्थ नको' निवडा, म्हणजे साडेचार तिकिटांत काम होतं. स्लीपरचं एक तिकीट एसटीच्या पूर्ण तिकिटापेक्षा बरंच कमी असतं, म्हणून दोन्ही आकडे फारसे लांब पडत नाहीत. घरात बायका आणि म्हातारी माणसं जास्त असतील तर एसटीचं पारडं जड, पुरुष जास्त असतील तर रेल्वेचं. मात्र शुक्रवार-रविवारी माणगाव-इंदापूरच्या कोंडीत बस अडकली की वाचलेले पैसे वडे-चहात जातात, आणि आजीचे पाय सुजतात ते वेगळंच. रात्रीचा प्रवास असेल आणि बर्थ मिळत असेल तर रेल्वेच बरी.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता. चाकरमान्यांची गर्दी कुठल्या दिशेला आहे ते आधी बघायचं. मेच्या सुरुवातीला कोकणात येणाऱ्या गाड्या भरलेल्या आणि मुंबईकडे जाणाऱ्या त्या मानाने मोकळ्या असतात. मेअखेर नेमकं उलटं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबईकडे जायला जागा मिळते, पण तिकडून परत येणं मुश्कील. म्हणून अडचणीच्या दिशेचं तिकीट आधी काढायचं आणि त्यावरून जायची तारीख ठरवायची. बहुतेक जण जायचं तिकीट आधी काढून बसतात आणि परतीला तत्काळच्या मागे धावतात. तत्काळ आदल्या दिवशी एसीसाठी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता उघडतं आणि बघता बघता संपतं. ऑनलाइन काढलेलं तिकीट शेवटपर्यंत वेटिंगलाच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. ते दाखवून 'बघू, बसू कुठेतरी' चालत नाही. शाळेची सुट्टी आड येत नसेल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम: हवा बरी, गाड्याही मिळतात.

मुंबईत पोचायचं ते पहाटे. कोकणकन्या आणि तुतारी या गाड्या रात्री आपल्याकडून निघतात आणि मुंबईत उजाडायच्या सुमारास सोडतात. दिवसाची मांडवी रात्री पोचवते. त्या वेळी पोरं पेंगत असतात, पुढचा रस्ता नीट माहीत नसतो, मग समोर येईल ती टॅक्सी धरली जाते. उतरायचं कुठे हे राहायच्या जागेवर ठरवा. नवी मुंबईत जायचं तर पनवेल, डोंबिवली-कल्याणला ठाणे, पश्चिमेच्या लाइनवर दादर. थेट सीएसएमटीपर्यंत जाऊन पुन्हा उलटं येण्यात दीड-दोन तास जातात.

तुतारीचा एक सापळा सांगायलाच हवा. दादरहून ती रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणजे शनिवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. शनिवारचं काढलंत तर तुमची गाडी शुक्रवारी मध्यरात्रीच निघून गेलेली असेल. ही चूक दर मोसमात कोणी ना कोणी करतंच, आणि सुटलेल्या गाडीचा परतावाही मिळत नाही.

राहण्याचं बघू. मुंबईत आपलं माणूस आहे हा मोठा आधार, पण ते माणूस आता गिरगाव-लालबागच्या चाळीत क्वचितच असतं. ते दिवा, बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याला असतं. राहणं फुकट, पण रोज जाऊन-येऊन तीन-चार तास लोकलमध्ये, आणि आजी दुसऱ्या दिवशी 'मी घरीच थांबते' म्हणते. दोन रात्रींपैकी एक नातेवाइकांकडे आणि एक शहरात असं केलं तर दोन्ही साधतं. रेल्वेच्या रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी पीएनआर टाकून आयआरसीटीसीवर आरक्षित करता येतात. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावं लागतं, आणि जागा थोड्या असल्याने तिकीट हातात आलं की लगेच बघावं लागतं. बाहेर लॉज घ्यायचा तर दादर किंवा भायखळ्याच्या स्टेशनापासून चालत जाता येईल असाच घ्या. दोनशे रुपयांनी स्वस्त पण आतल्या गल्लीतला लॉज रोजच्या टॅक्सीत ते दोनशे परत घेतो. पाच माणसांना एक खोली देतात का आणि जादा गादीचे किती, हे फोनवरच विचारा. काउंटरवर पोचल्यावर घासाघीस करायला जागा उरत नाही.

पाच हा आकडा मुंबईत नडतो. रिक्षात तीन, काळी-पिवळीत चार. म्हणजे प्रत्येक वेळी दोन वाहनं. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये, रिक्षाचं २६ (फेब्रुवारी २०२५ पासून), म्हणजे मीटर पडायच्या आधीच दुप्पट. आणि रिक्षा वांद्रे-सायनच्या दक्षिणेला येतच नाही. बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट १० रुपये, एसीचं १२ (मे २०२५ पासून, पहिल्या ५ किलोमीटरसाठी), त्यामुळे पाच जण पन्नास-साठ रुपयांत जातात. लोकल त्याहून स्वस्त: दादर ते सीएसएमटी सेकंड क्लास ५ रुपये. दिवसभर चढउतार असेल तर पर्यटकांचा एक, तीन किंवा पाच दिवसांचा लोकल पास तिकीट खिडकीवर मागा. रांगेचा वेळ वाचतो हा त्याचा मोठा फायदा. भुयारी 'मेट्रो-३' ही ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते. भाडं १० ते ७० रुपये, लोकलपेक्षा महाग. पण उन्हात आजीला सिद्धिविनायकाहून हुतात्मा चौकाला न्यायचं तर ते पैसे वसूल होतात.

लोकलमध्ये कोकणातली माणसं घाबरतात ती गर्दीला. गर्दीला दिशा असते: सकाळी ८ ते ११ सीएसएमटी-चर्चगेटकडे, संध्याकाळी ५ ते ८.३० तिकडून उपनगरांकडे. तुम्ही सकाळी ११ नंतर निघा आणि रात्री ९ नंतर परता, किंवा साडेसहाच्या आत घर सोडा. इंडिकेटरवर शेवटच्या स्टेशनाचं अक्षर, मग फास्ट की स्लो, आणि १२ डब्यांची की १५ हे बघायचं. फास्ट लोकल मधली स्टेशनं गाळते, तेव्हा भायखळ्याला उतरायचं असेल तर गाडी तिथे थांबते का ते आधी विचारा. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर महिलांच्या डब्यात जाऊ शकतो. आजी, आई आणि दोन्ही मुलं तिकडे, बाबा शेजारच्या डब्यात, ही वाटणी सगळ्यांत सोयीची. कोणी मागे राहिलं किंवा पुढे गेलं तर काय, हे घरूनच ठरवून निघा: गाडीत राहिलेल्याने पुढच्या थांब्यावर उतरून तिथेच थांबायचं, प्लॅटफॉर्मवर राहिलेल्यांनी मागच्या गाडीने तिथे यायचं. दोघंही एकमेकांना शोधत फिरले की तास जातो. मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी हवीच.

दादरचं जुनं ज्ञान आता उपयोगाचं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या प्लॅटफॉर्मना सलग नंबर दिले: पश्चिमेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. काकांनी फोनवर सांगितलेला 'सेंट्रलचा एक नंबर' म्हणजे आताचा आठ.

आता वार. राणीची बाग बुधवारी बंद, शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही. घारापुरी, नेहरू तारांगण, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. रविवारी मेगाब्लॉक: दुरुस्तीसाठी दिवसाचे चार-पाच तास काही लाइनी बंद किंवा गाड्या वळवलेल्या, शिवाय मंगळदास मार्केटही बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग. उरतात गुरुवार, शुक्रवार, शनिवार. बुधवारी रात्री गाडीत बसायचं आणि शनिवारी रात्री परतीच्या.

गुरुवारी अंग आंबलेलं असतं, तेव्हा सपाट रस्त्याचं ठेवा. सीएसएमटीची इमारत (२००४ पासून जागतिक वारसा), तिथून चालत हुतात्मा चौक, काळा घोडा, वस्तुसंग्रहालय, गेटवे. संग्रहालयाला तीन तास धरा. घाईत बघायचं असेल तर तिकिटाचे पैसे वाया घालवू नका. घारापुरीची लाँच सुमारे तासाभराची, आणि गेटवेवर जो तो तिकडेच ओढतो. पण ज्यांच्या पोरांनी जन्मभर होडी आणि समुद्र पाहिला, त्यांनी अर्धा दिवस आणि पाच जणांचं लाँचभाडं त्यात घालावं का? लेण्यांचीच ओढ असेल तर जरूर जा. नुसत्या लाँचसाठी नको. वर पायऱ्याही बऱ्याच आहेत.

शुक्रवारी भायखळा पूर्व. स्टेशनपासून राणीची बाग चालत दहा मिनिटं. आई-बाबा आणि दोन मुलं मिळून कुटुंबाचं तिकीट १०० रुपये, आजीचं काय ते खिडकीवर विचारा. पेंग्विन आधी बघा, दुपारनंतर तिथे रांग वाढते. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला 'एलिफंटा' हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हाच. घारापुरी टाळलीत तरी तिचा हत्ती पोरांना फुकटात दिसतो. बुधवारी सरकारी सुट्टी आली तर बाग तेव्हा उघडी ठेवून गुरुवारी बंद ठेवतात, म्हणूनही शुक्रवार.

शनिवारी महालक्ष्मी, हाजी अली, नेहरू विज्ञान केंद्र. हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते. कॅलेंडर बघून निघा: अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, अष्टमीला त्या वेळी ओहोटी. हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण शहरात गेलं की विसरायला होतं. वेळ उरला तर मलबार हिलवर कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट. तारापोरवाला मत्स्यालय मात्र यादीतून काढा, ते बंद आहे.

खाण्याचं थोडक्यात. पहिल्या दिवसाच्या दशम्या, लसणीची चटणी, मेतकूट-पोहे घरून. घावणे नकोत, रात्रभर डब्यात लिबलिबीत होतात. दुपारी उडप्याकडे राइस प्लेट, पाच जणांत तीन पुरतात. गेटवे आणि चौपाटीच्या तोंडावरचं काही खाऊ नका. चार पावलं आत गल्लीत गेलं की तेच कमी पैशांत मिळतं. पाण्याच्या बाटल्या घरून प्रत्येकाची एक, सकाळी भरून घ्यायची.

आणि सामान. नातेवाइकांसाठी फणस, कोकमं, कुळथाचं पीठ, सुकट न्यायचीच, पण ती पोचल्या दिवशीच पोचती करा. सुकट तीन पिशव्यांत गच्च बांधा, नाहीतर सगळा डबा तुमच्याकडे बघतो. माणशी एकच पाठीवरची बॅग, चाकांची मोठी बॅग लोकलच्या जिन्यांवर फक्त अडते. शेवटच्या दिवशी लॉज सोडला की बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. कुलूप नसेल तर बॅग घेत नाहीत, आणि स्टेशनबाहेरचा कुलूपवाला ते ओळखूनच भाव सांगतो. कोकणकन्या तिथूनच रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी सुटते. तुतारी असेल तर दहापर्यंत बॅगा सोडवून दादरची लोकल धरा.