सपोर्टमधून प्रॉडक्ट मॅनेजर झालो, कसा ते सांगतो

बरेच जण विचारतात की सपोर्टमधून (ग्राहकांचे फोन आणि तक्रारी घेणं) प्रॉडक्टला (सॉफ्टवेअरमध्ये काय बनवायचं ते ठरवणं) कसा गेलास, एमबीए केलंस का, कुठला कोर्स केलास, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. एमबीए नाही. ऑनलाइन कोर्स एक घेतला होता, अर्ध्यात सोडला. आता मी स्वतः इंटरव्ह्यू घेतो तेव्हा सर्टिफिकेटच्या रकान्याकडे बघतही नाही, त्यामुळे पैसे घालण्याआधी विचार करा.

कंपनी पुण्यातली, छोट्या कारखानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी. ऑक्टोबर 2022 मध्ये जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवून काढायचं बिल) उलाढालीची मर्यादा 10 कोटींवर आली, तेव्हाच अंदाज होता की पुढचा नंबर 5 कोटीवाल्यांचा, आणि आमचे ग्राहक मुख्यतः त्याच गटातले. मी मॅनेजरला म्हटलं मला प्रॉडक्टमध्ये जायचंय. तो म्हणाला जागा नाही. हे उत्तर सगळ्यांनाच मिळतं, त्यावर रुसून बसू नका. मी त्याला एवढंच विचारलं की 10 कोटीवाल्यांच्या तक्रारींवर एक पानाची नोट लिहून प्रॉडक्ट हेडला पाठवली तर चालेल का, तर तो म्हणाला पाठव की, मला काय.

नोटसाठी जुनी तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) चाळली, पण खरं कळलं ते भोसरी एमआयडीसीत एका ग्राहकाकडे जाऊन बसलो तेव्हा. संध्याकाळची वेळ, गेटवर टेम्पो माल भरून उभा, ड्रायव्हर सारखा हॉर्न मारतोय, आणि अकाउंट्सच्या ताई ई-इन्व्हॉइस काढतायत तर पोर्टल म्हणतंय पिनकोड आणि राज्य जुळत नाही. पार्टी, म्हणजे माल घेणारा, गुजरातची, पिनकोड 411026, म्हणजे भोसरीचाच! झालं असं होतं की ताई नवीन पार्टी कधी कोरी भरतच नव्हत्या, जुन्या पार्टीची कॉपी मारायची, नाव, जीएसटी नंबर आणि पत्ता बदलायचा, पिनकोड तसाच राहायचा. इतकी वर्षं त्याने कोणाचं काही अडलं नव्हतं कारण छापील बिलावर पिनकोड कोण बघतो. एरर त्यांनी वाचलीच नाही, सरळ मालकांना हाक मारली, मालकांनी आम्हाला फोन लावला.

आमच्याकडे तोवर चर्चा काय चाललेली, तर एररचा मजकूर सोपा करा, मराठीत द्या. ते ठीक आहे, पण टेम्पो गेटवर असताना कितीही सोप्या भाषेत सांगितलं तरी उशीर तो उशीरच. मी नोटमध्ये लिहिलं की मुदतीच्या आधीच सगळ्या पार्टी आणि आयटम तपासून चुकांची यादी ग्राहकाला द्यायची. पिनकोड, 4 अंकी राहिलेले एचएसएन, म्हणजे मालाच्या प्रकाराचे कोड (5 कोटींच्या वर 6 अंकी लागतात), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुळात नियम लागू होतो का तेच. कारण 2017-18 पासून कुठल्याही एका वर्षात मर्यादा ओलांडली असली तरी लागू होतो, आणि आमचे निम्मे मालक म्हणत होते यंदा साडेचार कोटीच झालेत, आपल्याला काय नाय.

मे 2023 मध्ये नोटिफिकेशन आलं, 5 कोटींच्या वर 1 ऑगस्टपासून. मग माझी नोट बाहेर निघाली आणि प्रॉडक्टच्या कामासाठी मला पॅनलसमोर बोलावलं. तयारी केलेली फ्रेमवर्कं कोणी विचारली नाहीत. खरा प्रश्न एकच होता, ऑगस्टपर्यंत काय करणार नाहीस? सेल्स हेड समोरच बसलेले, आणि त्यांनी एका मोठ्या डीलरला व्हॉट्सअॅपवर बिल पाठवायचं फीचर कबूल केलेलं सगळ्यांना माहीत होतं. मी तेच नाव घेतलं, ते सप्टेंबरनंतर, आणि डीलरला काय सांगायचं ते वाक्यही तयार ठेवलं होतं. नुसतं नाही म्हणू नका, समोरच्याला त्याच्या ग्राहकापुढे मान खाली घालायला लागणार नाही एवढी सोय करून मग नाही म्हणा, सेल्सवाले ऐकतात.

निवड झाली, पण टायटल नाही, पगार तोच, "आधी काम करून दाखव". इथे एक गोष्ट नक्की करा: ट्रायल किती दिवस, कशावर ठरणार, कोण ठरवणार हे ईमेलवर लिहून मागा. मी त्याच दिवशी मेल टाकला आणि होकार घेतला. मधेच माझे साहेब बदलले, नव्यांना माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, तो मेल नसता तर परत शून्यापासून.

डेव्ह लीड, म्हणजे प्रोग्रामरांचा प्रमुख, माझ्यापेक्षा बराच सीनियर. कालचा सपोर्टवाला मला काय सांगणार हे चेहऱ्यावर दिसायचं, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मी त्याला स्पेक (काय बनवायचं त्याचा लेखी तपशील) पाठवायचं थांबवलं आणि सपोर्टच्या कॉलवर बाजूला बसवलं. एक मालक आयआरएन (ई-इन्व्हॉइसला पोर्टलवरून मिळणारा नंबर) कॅन्सल करून द्या म्हणून ओरडत होता, 24 तास उलटून गेलेले, पोर्टलवर आता होणारच नाही, क्रेडिट नोट हाच रस्ता. फोन ठेवल्यावर लीड म्हणाला, अरे मग बिलासमोर कॅन्सलला किती वेळ उरलाय ते दाखवूया ना, अर्ध्या दिवसाचं काम आहे. माझ्या स्पेकमध्ये हे नव्हतंच. दर शुक्रवारी मी सगळ्यांना छोटी नोट पाठवायचो, काय ठरलं, कोणी ठरवलं, काय करत नाहीयोत. कंटाळवाणं काम आहे पण "मला कोणी सांगितलंच नाही" हा प्रकार जवळपास संपला.

1 ऑगस्टला फोन वाजले, नाही असं नाही, पण पिनकोडचे अगदी तुरळक. चुकांची यादी बऱ्याच जणांनी जुलैतच निस्तरली होती.

प्रॉडक्ट मॅनेजरचं लेटर दिवाळीनंतर हातात आलं. पगाराचं स्पष्ट सांगतो, आतून बदली झाली की वाढ कमीच देतात, बाहेरून येणारा त्याच कामाला जास्त घेतो. मी बाहेर दोन-तीन ठिकाणी बोलून बाजारभाव काढला आणि पुढच्या अप्रेझलला तो आकडा मांडला. पूर्ण नाही मिळाला, बऱ्यापैकी मिळाला. कोणाला त्या एक पानी नोटचा साचा हवा असेल तर विचारा, ग्राहकांची नावं काढून देतो.