काळी झालेली कापसाची काडी

२०२१ च्या पावसाळ्यात भोसरी एमआयडीसीत जो भेटेल तो एकच विचारायचा, "माल आला का?" माल म्हणजे मायक्रोकंट्रोलर, मीटर चालवणारी मुख्य चिप. आमच्याकडे दुचाकीच्या डिजिटल मीटरचे बोर्ड बनतात. बाकी सगळे पार्ट स्टोअरला पडून होते आणि नखाएवढ्या एका चिपपायी बोर्डावर पार्ट बसवणारी एसएमटी लाइन बंद होती.

आदल्या वर्षी लॉकडाउनमध्ये वाहन कंपन्यांनी ऑर्डरी रद्द केल्या आणि चिप कारखाने लॅपटॉप-मोबाइलकडे वळले. मग फेब्रुवारीत टेक्सासच्या हिमवादळाने ऑस्टिनचे कारखाने थांबवले, १९ मार्चला जपानमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या नाका कारखान्यात आग लागली. वितरक वर्षभराची मुदत सांगू लागले. थोडाफार माल यायचा तो मोठ्या गिऱ्हाइकांना. आमच्यासारखे रांगेत शेवटी.

शेवटी परचेसने दलालाला आगाऊ पैसे देऊन, कित्येक पट भावाने चिपांचं एक रील मिळवलं. इनकमिंग तपासणी माझ्याकडे. लेबल चोख, डेट कोड, म्हणजे चिप बनल्याची तारीख, तोही ताजा. पण मायक्रोस्कोपखाली चिपवर एक नंबरच्या पिनेजवळ खुणेसाठी असतो तो खळगा अर्धा बुजलेला दिसला. कापसाच्या काडीवर अ‍ॅसिटोन घेऊन चिप घासली. काडी काळी झाली. रंगाखाली पॉलिश पेपरचे ओरखडे होते आणि जुन्या छपाईच्या पुसट खुणा. कुठल्यातरी जुन्या बोर्डावरून काढलेला माल नवा म्हणून विकला होता.

"मॅडम, प्रोग्रॅम घेतेय ना? टेस्टिंगला पास झाली तर लावू," प्रॉडक्शनवाले म्हणाले. त्यांची घाई मला कळत होती. पण आज चाललेली चिप उद्या उन्हात, धक्क्यांत टिकेल याची हमी कोण देणार? रात्री घाटात कुणाचं मीटर बंद पडलं तर? मी रिजेक्टचा लाल टॅग लावला. मालकांनी स्वतः मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं आणि म्हणाले, "परत पाठवा."

लाइनवरच्या बायका कंत्राटी. लाइन बंद तर हजेरी नाही. मोशीहून येणारी एक जण जिन्यात थांबली होती. "ताई, उद्या येऊ का?" तिला मी खरं ते सांगितलं. तिने मान हलवली आणि डबा उचलून निघाली. त्या रीलपेक्षा हे जड गेलं.

डिसेंबरात केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. ती हवीच होती. पण भोसरीतल्या छोट्या कारखान्यांनी मिळून एकत्र खरेदी केली, तर वितरक आमचंही ऐकतील, असं मला तेव्हापासून वाटतं. आमच्या डिझाइनवाल्यांनी मात्र लगेच बोर्ड बदलायला घेतला: दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिपांपैकी जी मिळेल ती बसावी म्हणून.