आल्याचं गॅरेज

अकरावीत असताना जीवशास्त्रातली शास्त्रीय नावं मी येरझाऱ्या घालत पाठ करायची. एकदा 'झिंजिबर ऑफिसिनाले, झिंजिबर ऑफिसिनाले' असा जप चालला होता. बाबा सोप्यावर पेपर वाचत होते. तो खाली न करताच म्हणाले, "आल्याचं गॅरेज कशाला काढलंस गो, बाय?"

बाबा पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत शिकलेले. वनस्पतींशी संबंध परसातल्या माडांपुरता, पण पोर्तुगीज पक्कं. आलं म्हणजे जेंजिब्र आणि ओफिसिना म्हणजे गाड्या दुरुस्त करायची जागा! लॅटिनमध्ये मात्र मठातल्या औषधांच्या कोठीलाही ऑफिसिना म्हणत. म्हणून ऑफिसिनाले म्हणजे औषधी. हे मला पुढे कॉलेजात कळलं. त्या दिवशी नुसतीच हसले.

मग यादीच त्यांच्यापुढे धरू लागले. काजूचं 'ऑक्सिडेंटाले' म्हणजे पश्चिमेचा. ब्राझीलकडून आलेला, तेव्हा बरोबरच. मिरीचं 'नायग्रम' काळं, लाजाळूची 'पुडिका' लाजरी. 'ग्लुटियस मॅक्सिमस' हा स्नायू कुठला, हे सांगताना मीच लाजले. बाबा खुर्चीवरून जरासे उठून पुन्हा बसले, "मासिमु! एवढ्या मोठ्यावरच तर बसलोय."

चुकायचेही. भिंडाच्या, म्हणजे कोकमाच्या झाडाचं 'गार्सिनिया' पाहून छातीठोकपणे म्हणाले, "हा आपला गार्सिया द ओर्ता." तो नव्हे. ते नाव लॉरां गार्सां या दुसऱ्याच माणसावरून पडलंय. पणजीतल्या बागेला ज्याचं नाव आहे, तो ओर्ता वेगळ्याच झाडात सापडला, आमच्या वृंदावनाशेजारच्या पारिजातकात.

निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस. ओर्ता गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात हे झाड 'आर्व्हर त्रिश्त', उदास झाड, म्हणून येतं. सूर्यावर भाळलेली मुलगी, त्याने टाकल्यावर तिने दिलेला जीव आणि तिच्या राखेतून उगवलेलं झाड, ही इथली गोष्टही त्याने लिहून ठेवली. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये पुस्तक लॅटिनमध्ये नेलं आणि १७५३ मध्ये शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने त्या उदासीवर शास्त्राचा शिक्का मारला.

मला हे नाव कधी पटलं नाही. पहाटे अंगणभर केशरी देठांचा सडा पडलेला असायचा, आजी ओच्यात फुलं वेचत असायची. यात उदास काय आहे?

बाबांना विचारलं तर म्हणाले, "वैद्यबुवा उशिरा उठत असतील."