ऑक्सिजन पूर्वेला, रुग्ण पश्चिमेला

एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 'देशातला ऑक्सिजन संपला' असं सरसकट म्हटलं जातं. राउरकेला, जमशेदपूर, बोकारो, विशाखापट्टणम इथल्या पोलाद कारखान्यांच्या टाक्यांत तो होता. लोहखनिज आणि कोळसा पूर्वेला, म्हणून पोलाद तिथे आणि पोलादासाठी लागणारा ऑक्सिजनही तिथेच. धाप लागलेले रुग्ण मात्र मुंबई, नाशिक, नागपूर आणि दिल्लीत. दिल्लीत तर द्रव ऑक्सिजनचा एकही कारखाना नव्हता. महाराष्ट्र रोज साधारण 1250 टन तयार करत होता, मागणी त्याच्या कितीतरी वर गेली. केरळमधून त्याच सुमारास शेजारच्या राज्यांना टँकर जात होते.

हिशेब मांडून बघा. मिनिटाला 10 लिटर लागणाऱ्या रुग्णाला दिवसाला 14,400 लिटर, म्हणजे जेमतेम 20 किलो ऑक्सिजन लागतो. 7000 लिटरचा जम्बो सिलिंडर त्याला साडेअकरा तास पुरतो. मिनिटाला 60 लिटर ओढणाऱ्या हाय फ्लो मशीनवर दोन तासही नाही. 15 टनांचा टँकर साडेसातशे रुग्णांचा एक दिवस भागवतो. पण रोज एक खेप करणाऱ्या टँकरला हजार-दीड हजार किलोमीटरवर धाडलं की ती खेप पाच-सहा दिवसांवर जाते. म्हणजे तेवढ्याच पुरवठ्याला पाच-सहा टँकर हवेत. खरी टंचाई या उणे 183 अंशांवरचा द्रव वाहून नेणाऱ्या टँकरांची होती. नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकर ऑक्सिजनसाठी वापरले गेले, पण आधी ते आतून कसून साफ करावे लागतात, कारण ग्रीसचा अंश राहिला तर ऑक्सिजनमध्ये पेट घेऊ शकतो.

मग रेल्वे. 19 एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर चढवून गाडी विशाखापट्टणमला निघाली. टँकरची उंची 3320 मिलिमीटर, खालच्या सपाट वाघिणीची 1290. एवढा उंच माल मुंबईजवळच्या घाटातून नेता येईना, म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी वळसा घालून गेली. 1850 किलोमीटरला जवळपास 50 तास लागले. टँकर भरायला 10 तास, आणि परतताना नागपूरपर्यंत 21. तीन टँकर नागपूरला उतरले, चार नाशिकला. हवाई दलाची सी-17 विमानं टँकर रिकामेच नेत. भरलेले परत यायचे ते रस्त्याने नाहीतर रुळांवरून.

टँकर दारात आला म्हणजे सुटलो, असंही नव्हतं. द्रवाचा वायू करणारा व्हेपोरायझर, म्हणजे बाहेरून पातळ पट्ट्या (फिन) असलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, बाहेरच्या हवेतली उष्णता घेतो. क्षमतेपेक्षा जास्त ओढ लागली की नळ्यांवर बर्फाचा जाड थर चढतो, उष्णता आत जाईना होते आणि लाइनचा दाब पडतो. टाकी अर्धी भरलेली आणि शेवटच्या वॉर्डात व्हेंटिलेटरचे अलार्म! उपाय साधा: दोन संच आलटून पालटून चालवायचे, आणि एकच असेल तर नळ्यांवर साध्या पाण्याची धार सोडायची.

नंदुरबारने वेगळा रस्ता धरला. टँकरच्या वाटेपासून लांब असलेल्या या आदिवासी जिल्ह्यात 2020 मध्येच हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा पीएसए प्रकल्प बसला, पुढच्या महिन्यांत आणखी. माझ्या मते त्या वर्षातला राज्यातला हा सर्वांत शहाणा खर्च. मात्र पीएसएची शुद्धता 93 टक्क्यांच्या आसपास असते आणि दाब चार-पाच बार. थेट पाइपलाइनला तेवढा पुरतो. सिलिंडर भरायला 150 बार लागतात, त्यासाठी बूस्टर कॉम्प्रेसर वेगळा घ्यावा लागतो. वीज गेली की प्रकल्प बंद, म्हणून जनरेटर हवाच. कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेल आणि ओल गाळणारे फिल्टर वेळेवर बदलले नाहीत, तर नायट्रोजन शोषणारं झिओलाइट निकामी होतं. ते बाहेरून दिसत नाही, फक्त मीटरवरची शुद्धता हळूहळू 90 च्या खाली उतरते. म्हणून ती रोज वहीत लिहायची, प्रकल्प राखीव म्हणून बंद ठेवला असेल तरी अधूनमधून चालवून बघून.