इतवारीच्या मोडीत सापडलेला बिल्ला

नागपूरच्या इतवारीत तांब्या-पितळेची मोड घेणारे एक दुकानदार आहेत. मोडीत जुने बिल्ले, वर्दीची बटणं किंवा बक्कल निघाले की ते माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी एक पितळी बिल्ला हातावर ठेवला. वर मुकुट, मधे इंग्रजी बी, एन, आर ही अक्षरं आणि खाली तुटलेली पट्टी. "भोसल्यांचा आहे भाऊ. बी म्हणजे भोसले, एन म्हणजे नागपूर," ते अगदी खात्रीनं म्हणाले.

घरी आई चिंच घेऊनच बसली, लख्ख करून देते म्हणाली. मी तिला थांबवलं. घासलं की बारीक रेषा जातात आणि बिल्ल्याची ओळख त्या रेषांवरच असते. कोमट साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, यापलीकडे मी काही लावत नाही.

मी कोणताही बिल्ला आधी पालथा करून बघतो. याच्या मागे दोन कड्या होत्या, कापडातून घालून पिनेनं अडकवायच्या. पुढे जिथे उठाव, तिथे मागे खोलगट. म्हणजे तो ठशानं दाबून काढलेला होता. बाजारातल्या नकला बहुधा ओतीव असतात: कडा बोथट, अंगावर बारीक खड्डे. पण ओतीव दिसला की नकली, असं सरसकट म्हणू नये. त्या काळी छावण्यांच्या बाजारातले कारागीरही खरे बिल्ले ओतून देत.

मग मुकुट. याच्या कमानी गोल, मधे खळगा नसलेल्या. हा इंग्लंडच्या राजाचा मुकुट, १९०१ नंतरचा. राणी एलिझाबेथच्या काळात कमानी मधे दबलेल्या झाल्या आणि आपल्याकडे तर १९५० पासून मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. भोसल्यांचं राज्य १८५४ मध्येच खालसा झालं होतं, त्यामुळे तो तर्क इथेच संपला.

कामठीला ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. लष्कराच्या गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचं केंद्र तिथेच, त्यामुळे बिल्ल्यांवर त्यांची नजर पक्की. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "गार्ड्सचा तर नाहीच जी, आमचा गरुड असतो. पण फक्त फौजेतच शोधू नका. पोलीस, जंगल खातं, रेल्वे, सगळ्यांचे बिल्ले असेच दिसतात." या एका वाक्यानं माझी दिशा बदलली.

रेल्वे म्हटल्यावर बी. एन. आर. नागपूरकराला वेगळं सांगावं लागत नाही: बंगाल नागपूर रेल्वे, १८८७ ची कंपनी. कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज संग्रहालयात मी मुद्दाम जाऊन आलो, जुन्या वस्तूंवरची तीच अक्षरं डोळ्यांत साठवली. पण रेल्वेच्या साध्या बिल्ल्यावर खालची पट्टी कशाला? तिच्यावर एक व्ही आणि अर्धा ओ शिल्लक होता. रात्री टॉर्च आडवा धरून पाहिलं तेव्हा तो ओ नीट दिसला.

उत्तर मिळालं जुन्या इंडियन आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे फौजेच्या अधिकृत यादीत. तिच्यात स्वयंसेवक पलटणींची वेगळी यादी असे, आणि तिथे बंगाल नागपूर रेल्वे व्हॉलंटियर रायफल्स हे नाव होतं! रेल्वेचेच कर्मचारी, मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन, नोकरी सांभाळून कवायत आणि नेमबाजी करत. ज्या रेल्वेनं आमच्या आजोबांची पिढी प्रवास करायची, तिची स्वतःची पलटण होती, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

१९१७ च्या कायद्यानं या स्वयंसेवक पलटणी इंडियन डिफेन्स फोर्स या सरकारी संरक्षण दलात गेल्या आणि नावातलं 'व्हॉलंटियर' गळालं. म्हणजे मुकुटावरून सुरुवातीची हद्द, पट्टीवरून शेवटची. डबीवर मी लिहिलं: 'बं. ना. रेल्वे स्वयंसेवक पलटण, १९०१ ते १९१७. पट्टीचा उरलेला मजकूर अंदाजानं.' ते शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं आहे. पुढे कुणाला अख्खा बिल्ला मिळाला तर त्यानं ते खुशाल खोडावं.

परदेशातल्या एका संग्राहकानं तो विकत मागितला. शंभर वर्षांपुढच्या अशा वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, खासगी माणसाला बाहेर धाडता येत नाहीत. तसं मी त्याला कळवलं आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठवून दिले.