शिमानेतल्या खेड्यात राहायला जाताना

जपानमधल्या रिकाम्या घरांच्या चित्रफिती आपल्या मराठी मंडळींतही बऱ्याच फिरतात. त्या पाहून मला जे निरोप येतात, त्यांत पहिला प्रश्न बहुधा घराच्या किमतीचा असतो. प्रश्न स्वाभाविक आहे. २०२३ सालच्या सरकारी गृहपाहणीनुसार जपानमध्ये सुमारे ९० लाख घरे रिकामी आहेत, म्हणजे एकूण घरांच्या १३.८ टक्के, त्यांतली साधारण ३८ लाख घरे अशी, की ती भाड्याने द्यायची नाहीत, विकायची नाहीत आणि सुट्टीत येऊन राहण्यासाठीही कुणी ठेवलेली नाहीत. ती नुसती बंद आहेत. अशा घरांपैकी जी मालकांना द्यायची असतात, त्यांची यादी तिथल्या नगरपालिका ‘अकिया बँक’ या नावाने ठेवतात, आणि त्यातली काही खरोखरच पुण्यातल्या एखाद्या चांगल्या मोटारीच्या किमतीत मिळतात. टोकियोतली बरीच वर्षांची नोकरी आणि दोन खोल्यांचा संसार आवरून आम्ही दोघांनी शिमाने प्रांतात, गोनोकावा नदीच्या खोऱ्यात असेच एक घर घेतले. इथले काही पावसाळे आणि हिवाळे काढल्यानंतर मी एवढे खात्रीने सांगू शकतो, की या साऱ्या व्यवहारात घराची किंमत ही सर्वांत कमी महत्त्वाची बाब आहे. घर रिकामे का पडले आणि ते ज्या गावात आहे ते गाव अजून कशावर उभे आहे, हे आधी समजून घ्यावे लागते.

शिमाने हा होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाकडचा, जपानच्या समुद्राकडे तोंड करून असलेला डोंगराळ प्रांत. १९५५ च्या सुमारास त्याची लोकसंख्या सव्वानऊ लाखांवर होती, आता ती साडेसहा लाखांच्या आसपास आली आहे. इथल्या डोंगरातली माणसे भातशेतीच्या जोडीला लाकडी कोळसा पाडून पोट भरत असत. घरोघरी गॅस आणि रॉकेल आले, कोळशाची मागणी संपली, त्यातच १९६३ च्या हिवाळ्यात न भूतो असे बर्फ पडले, आणि एकेकटा तरुण नव्हे तर कुटुंबेच्या कुटुंबे हिरोशिमा आणि ओसाकाकडे निघून गेली. गोनोकावाच्या काठाने गोत्सु ते मियोशी अशी १०८ किलोमीटरची सान्को रेल्वे होती. ती पूर्ण व्हायला १९७५ साल उजाडले, तोवर तिच्यात बसणारे लोक कमी होऊ लागले होते, आणि ३१ मार्च २०१८ रोजी तिची शेवटची गाडी धावली. रूळ काही ठिकाणी अजून आहेत; त्यांच्यावर गवत माजले आहे.

हे सारे ऐकताना मला राजापूर तालुक्यातले आमचे घर आठवल्यावाचून राहत नाही. आमच्या वाडीतही निम्म्याहून अधिक दारांना कुलपे आहेत, गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, चार दिवस ओटे गजबजतात आणि पुन्हा सामसूम होते; इथे तेच ऑगस्टमधल्या ओबोनच्या दिवसांत होते, पूर्वजांच्या थडग्यांवर फुले चढवून मुले-नातवंडे परततात. सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव तसेच राहून हिस्सेदार वाढत जाण्याचा प्रकारही इथे अगदी ओळखीचा आहे. आम्ही पाहिलेले पहिले घर आम्हाला आवडूनही मिळाले नाही, कारण ते दोन पिढ्यांपूर्वी वारलेल्या गृहस्थांच्या नावावर होते आणि सही करू शकणारे वारस चार शहरांत पांगलेले होते. अशा अडलेल्या मालमत्ता इतक्या वाढल्या, की १ एप्रिल २०२४ पासून वारसा कळल्यावर तीन वर्षांच्या आत नोंद करणे जपानी सरकारने सक्तीचे केले असून न केल्यास एक लाख येनपर्यंत दंड ठेवला आहे. कोकणातल्या घरांबाबत असे काही व्हावे, असे मला मनापासून वाटते.

जे घर अखेर मिळाले त्यात सर्व सामान जागच्या जागी होते. कपाटात रजया, फडताळात भांडी, भिंतीवर एका थांबलेल्या वर्षाची दिनदर्शिका, आणि आतल्या खोलीत काळ्या लाखेचा, आतून सोनेरी मुलामा दिलेला कुटुंबाचा देव्हारा. विकणाऱ्या बाईंचे वय सत्तरीच्या पुढचे. किमतीवर त्यांनी फारशी घासाघीस केली नाही. त्यांची अडचण देव्हाऱ्याची होती. ओसाकातल्या त्यांच्या सदनिकेत तो मावत नव्हता आणि तो तसाच टाकून द्यायला मन घेत नव्हते. शेवटी गावच्या मंदिरातले भिक्षू आले, त्यांनी विधी केला, पितरांच्या नावांच्या पाट्या बाईंनी रेशमी कापडात गुंडाळून सोबत नेल्या, आणि त्यानंतरच त्यांनी किल्ल्या आमच्या हातात दिल्या. घर रिकामे का पडते याचे उत्तर पैशांत शोधणाऱ्यांनी असा एक दिवस पाहावा. पुष्कळ घरे केवळ या कारणासाठी वर्षानुवर्षे बंद राहतात.

कायद्याच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. परदेशी माणसाला जपानमध्ये घर आणि जमीन घेता येते, पण घर घेतल्याने देशात राहण्याचा परवाना मिळत नाही. तो नोकरी, विवाह, शिक्षण किंवा दीर्घ वास्तव्य यांच्या आधारेच मिळवावा लागतो. आम्हाला कायम निवासाची परवानगी आधीच मिळालेली होती आणि माझे भाषांतराचे काम घरून चालते, म्हणून हे जमले. घराबरोबर शेत येत असेल तर त्याचा व्यवहार वेगळा असतो, कारण शेतजमीन हस्तांतरित करायला गावच्या कृषी समितीची मंजुरी लागते. किमान क्षेत्राची जुनी अट एप्रिल २०२३ मध्ये उठली असली, तरी ती जमीन आपण खरोखर कसणार आहोत हे समितीला पटवून द्यावे लागतेच. घर १ जून १९८१ नंतरच्या भूकंपरोधक नियमांनुसार बांधलेले आहे की त्याआधीचे, हे विचारावे. पुराचा नकाशा पाहावा. गोनोकावाला २०१८ आणि २०२० या दोन्ही वर्षी जुलैत मोठे पूर आले, आणि नदीकाठच्या ज्या घरांच्या छायाचित्रांवर लोक भाळतात त्यांतली काही त्या पाण्याखाली गेली होती. आमचे घर स्वस्त असूनही चढावर आहे, हे आमचे भाग्य.

या भागातल्या घरांवर तांबूस रंगाची, झिलई असलेली सेकिश्यू कौले असतात. ती बाराशे अंशांच्या वर भाजलेली असल्यामुळे हिवाळ्यात त्यांत पाणी मुरून ती तडकत नाहीत. कोकणातल्या माणसाला लाल कौलांचे गाव पाहून जे वाटायचे ते मलाही वाटले. छत उत्तम होते. घरातली लाकडी जमीन मात्र वाळवीने खाल्लेली होती, संडास मैला उपसून नेण्याच्या जुन्या पद्धतीचा होता, आणि सांडपाणी शुद्ध करणारी टाकी बसवायला नगरपालिकेने अनुदान देऊनही आमचा दुरुस्तीचा एकूण खर्च घराच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेला. जुनी जपानी घरे दमट उन्हाळा सोसण्यासाठी बांधलेली आहेत. खांबांवर उचललेल्या तळाखालून वारा खेळतो, भिंती पातळ, दारे कागदाची. जानेवारीत घरातल्या घरात तोंडातून वाफ निघते. रॉकेलचे अठरा लिटरचे डबे भरून आणणे हे हिवाळ्यातले नित्याचे काम होऊन बसते.

पण खरे गाव सुरू होते ते घराच्या बाहेर, आणि तेही पाटाच्या आणि बांधाच्या कडेला. इथे प्रत्येक वस्तीचे एक ग्राममंडळ असते. त्याची सूचनावही एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाते, आपण ती वाचून शिक्का मारून पुढच्या दारी नेऊन द्यायची असते. लावणीसाठी पाणी सोडण्यापूर्वी वसंतात सर्वांनी मिळून पाट साफ करायचा, उन्हाळ्यात रस्ते आणि बांध यांवरचे गवत कापायचे, आणि ज्याला येता येत नाही त्याने ठरलेली रक्कम भरायची. साक्री-बागलाणकडच्या फड बागायतीविषयी ज्यांनी ऐकले असेल त्यांना पाण्यासाठी अशी बांधून घेतलेली माणसे नवी वाटणार नाहीत. डोंगराळ भागातल्या शेतीला सरकार २००० सालापासून जे थेट साहाय्य देते, तेही मुख्यतः गावाने मिळून केलेल्या पाच वर्षांच्या करारावर मिळते. त्यामुळे एकाने शेत पडीक टाकले तर त्याची झळ साऱ्यांना लागते.

गवत कापायला मला शेजारच्या आजोबांनी शिकवले. त्यांची ऐंशी कधीच उलटली आहे. खांद्याला पट्टा, लांब दांड्याच्या टोकाला फिरणारे पोलादी पाते, डोळ्यांवर चष्मा, नडगीवर कवच. पाते डाव्या अंगाने फिरते, म्हणून यंत्र उजवीकडून डावीकडे न्यायचे आणि पात्याच्या डाव्या बाजूनेच कापायचे. उजवी बाजू दगडाला लागली की यंत्र उसळून अंगावर येते. “डावीकडे नेताना काप, परत आणताना नुसते आण,” एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि माझा हात बसेपर्यंत बाजूला उभे राहिले. तणनाशक मारून हे काम एका सकाळी का संपवत नाही, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी मला बांधाच्या उतारावर बसवून मुळे दाखवली. डोंगरउतारावरच्या खाचरांचे बांध पुरुषभर उंच असतात आणि त्यांची माती गवताच्या मुळांनीच धरलेली असते. गवत मेले तर पहिल्या मोठ्या पावसात बांध खचतो. ते वाढूही देता येत नाही, कारण त्यात राहणारे ढेकण्या किडे भात निसवताच ओंब्यांवर जातात, दाण्यांवर काळे डाग पडतात आणि तांदळाची प्रत उतरते. म्हणून गवत कापण्याची तारीख ठरलेली. ती कळल्यापासून मला त्या सकाळी कधीच कंटाळा आला नाही.

अडचणींबद्दल गोड बोलणे बरोबर नाही. मोठे रुग्णालय गाडीने बरेच लांब आहे, आणि गाडी चालवता येत नसेल तर इथे राहणे शक्य नाही. भारतीय परवान्यावर जपानी परवाना घ्यायचा तर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. रानडुकरांसाठी विजेचे कुंपण घालावे लागते. शरदात पर्सिमनची फळे झाडावर ठेवायची नसतात, कारण त्यांच्या वासाने अस्वले घरापाशी येतात. ज्या म्हाताऱ्यांना झाडावर चढवत नाही त्यांची फळे आम्ही उतरवतो, आणि ती सोलून, दोरीला बांधून ओसरीवर वाळत घालण्याचे काम माझी पत्नी गावातल्या आजींकडून शिकली आहे. ज्या जोडप्याला मुले आहेत त्यांनी शाळेची पटसंख्या आणि ती शाळा आणखी किती वर्षे चालणार आहे, हे नगरपालिकेत जाऊन स्पष्ट विचारावे. तिथले अधिकारी हा प्रश्न टाळत नाहीत.

भाषेला पर्याय नाही. ग्राममंडळाची सभा, पुराची सूचना, शेजारच्या घरातला मृत्यू, यांतले काहीही दुभाष्यामार्फत होत नाही.

ज्यांना तरीही यायचे आहे, त्यांच्यासाठी अनेक नगरपालिका काही दिवस किंवा काही आठवडे राहून पाहण्यासाठी घरे ठेवतात आणि त्यांचे भाडे नाममात्र असते. त्यात राहायला मे महिन्यात येऊ नका. त्या दिवसांत खाचरांत पाणी भरलेले असते आणि सगळेच सुंदर दिसते. फेब्रुवारीत या. सकाळी उठून रॉकेलची शेगडी पेटवा, दुकानापर्यंत बर्फातून गाडी काढून पाहा, आणि जमल्यास त्या वस्तीच्या ग्राममंडळाच्या प्रमुखांना भेटून वर्षभराची सामाईक कामे कोणती आणि ती करणारी माणसे आज किती उरली आहेत, हे विचारून घ्या. आमच्या वस्तीत पाट साफ करायला आणखी दोन-तीन जोडी हात हवे आहेत, आणि चढावरची दोन घरे रिकामी आहेत.