दोन-दोनचा हात

"हात एवढुसा, त्यात मनगट दुखतंय म्हणतेस, मग ते पंख धरून पाण्यावर उडतेस कशी? हँडल कुठलं घेतलंस?" मी विंग फॉइलिंग करते, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरच्या अलामेडाच्या किनाऱ्यावर मराठी बोलणारी कुणी भेटली की पाच मिनिटांत गाडी या प्रश्नावर येते. परवा फ्रीमाँटच्या एका ताईंनी तर थेट फोटोच मागितला, म्हणजे बघून तसंच मागवता येईल. तुम्ही विचारलंत म्हणून सगळंच लिहिते. फोटोनं हे काम होणारं नाही, कारण माझ्या विंगेला आज जे हँडल आहे त्यानं माझं दुखणं फार तर निम्मं कमी झालं. उरलेलं निम्मं कशानं गेलं ते फोटोत दिसत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्या फळीवर उभं राहायचं त्या बोर्डाच्या खाली पाऊण मीटरच्या आसपास लांबीचा खांब असतो आणि त्याच्या तळाशी विमानासारखे छोटे पंख, ते फॉइल. वेग आला की फॉइल बोर्डाला पाण्याबाहेर उचलतं. वारा पकडायला हातात हवा भरलेलं शीड असतं, ती विंग. विंडसर्फिंगमध्ये शिडाचा भार डोलकाठीवरून बोर्डात उतरतो. काइटसर्फिंगमध्ये पतंगाची ओढ कमरेच्या पट्ट्यावर येते. विंग मात्र भार घेईल अशा कशालाच जोडलेली नसते, ती नुसती धरायची. वाऱ्याची सगळी ओढ दोन तळव्यांतून, दोन मनगटांतून खांद्यापर्यंत जाते. म्हणून या खेळात हँडल ही वरवरची गोष्ट नाही. इथे दुखणं सुरू होतं ते तिथूनच.

माझा हात दोन-दोनचा. बांगड्यांचं माप ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळलं असेल: दोन इंच आणि वर दोन सोळांश, म्हणजे आतला व्यास जेमतेम ५४ मिलिमीटर. लग्नाच्या आधी तुळशीबागेत चुडा भरायला गेले तेव्हा कासारानं माझ्या मनगटाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिला, आणि मग बांगड्या काढल्या. बांगडी अडते ती मनगटाला नाही, अंगठ्याच्या बुडाला, हे त्याला माहीत होतं. मी घाबरून मूठ आवळत होते आणि तो सारखा म्हणत होता, "ताई, हात सैल सोडा. तुम्ही आवळलात तर फुटेल." हे वाक्य मला वीस वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत आठवलं, पण त्याकडे नंतर येते.

दुखण्याचं नाव द कर्व्हँ. १८९५ साली फ्रित्झ द कर्व्हँ नावाच्या स्विस सर्जननं त्याचं वर्णन केलं म्हणून त्याचं नाव. अंगठा बाहेर आणि वर उचलणारे दोन स्नायुबंध मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. तो बोगदा सुजला की अंगठ्याची प्रत्येक हालचाल आत घासत जाते. तान्ह्या बाळांच्या आयांना हे फार होतं, बाळाला काखांत अंगठे अडकवून उचलून उचलून. मलाही धाकट्याच्या वेळी झालं आणि मग लॅपटॉपनं ते जपून ठेवलं. अंगठा मुठीत घालून मनगट करंगळीकडे झुकवलं आणि कळ ब्रह्मांडात गेली, तर संशय याचाच. पण निदान डॉक्टरांकडून करून घ्या, माझ्याकडून नको. तळहाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, तर ते दुखणं वेगळं आणि त्याचे उपायही वेगळे.

आता हँडल. बाजारात ढोबळ तीन प्रकार आहेत. विंगेच्या मधोमध हवा भरलेली नळी असते, तिला स्ट्रट म्हणतात. तिच्या खाली पट्ट्याची मऊ हँडलं शिवलेली असतात, किंवा कार्बन, ॲल्युमिनियम वगैरेची कडक हँडलं बसवलेली असतात, किंवा पुढून मागे एक लांब दांडाच असतो, तो बूम. २०१९ साली हवेच्या विंगा दुकानांत आल्या तेव्हाच दोन घराणी दिसत होती. ड्युओटोन कंपनीची पहिली फॉइल विंग बूमवाली, नेश कंपनीची विंग-सर्फर मऊ हँडलांची. कुठलं बरं हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि किनाऱ्यावर बिअरबरोबर अजूनही रंगतो.

माझी पहिली विंग उसनी होती, पाच चौरस मीटरची, मऊ हँडलांची. मऊ म्हटल्यावर दुखऱ्या हाताला बरं असा माझा समज. पण मऊ पट्टा ओढीखाली चुरगळतो आणि हातात गोल फिरतो. तो फिरू नये म्हणून आपण नकळत आवळतो. विंग जराशी डावी-उजवीकडे झुकली की पट्टा आधी वळतो, मग हात, आणि विंग सगळ्यात शेवटी. ती मधली ढिलाई मनगट भरून काढतं. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बायका बादलीच्या कडीला चिंधी का गुंडाळतात? कडी बारीक असते, रुतते, म्हणून. पण चिंधीच्या आत कडी कडकच असते. नुसत्या चिंधीनं बादली उचलून बघा.

कडक हँडल हातात वळत नाही. जेवढं हलवलं तेवढी विंग हलते, म्हणून कमी आवळून भागतं. माझ्यासाठी फरक पहिल्या दिवशीच कळला. तोटेही आहेत. पडताना ते नडगीवर लागतं, बोर्डाला खोच पाडतं, घडी करताना मध्ये येतं, आणि पैसे जास्त. पडण्याचं प्रमाण जास्त असेल, म्हणजे पहिले दोन महिने, तर मऊ हँडलांवरच शिकावं असं मी म्हणेन.

जाडीचा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो रास्त आहे. नेहमीचा विंडसर्फिंगचा बूम २९-३० मिलिमीटरचा असतो, बारीक बूम २५-२६ चा. चार मिलिमीटरनं काय होतंय असं वाटेल, पण घेर काढा: एक ९० च्या पुढे, दुसरा ८० च्या आसपास. माझ्या बोटांना तो एक सेंटिमीटर म्हणजे अख्खं पेर. दुकानात जाण्याआधी घरातच मोजता येतं. मी स्वयंपाकघरातली लाटणी काढून बसले. पोळीचं बारीक लाटणं मुठीत घेतलं की अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या पेरावर सहज टेकत होतं. सासूबाईंच्या जाड लाटण्यावर अंगठा आणि बोट यांच्यात फट राहत होती. फट राहिली की बोटांची टोकं हँडलवर रोवून धरावं लागतं आणि सगळा ताण कोपरापर्यंत चढतो. सासूबाई म्हणाल्या, "लाटणं तसंच धरायचं नसतं गं, तळव्यानं फिरवायचं." बरोबरच होतं त्यांचं, पण विंग तळव्यानं फिरत नाही.

फार बारीकही नको. २० मिलिमीटरच्या खाली गेलात तर तीच बादलीची कडी: ओढ तेवढीच, रुतायला जागा कमी.

आणि हातमोजे! इथल्या खाडीचं पाणी उन्हाळ्यातही थंड, म्हणून मी मुकाट्यानं अडीच मिलिमीटरचे निओप्रीन हातमोजे घालत होते. आता हिशेब बघा. मूठ मिटली की मोजा दोन्ही बाजूंनी आत येतो, म्हणजे २५ ची नळी हाताला ३० ची लागते. वर निओप्रीन रबरासारखं, मूठ उघडायला बघतं. प्रत्येक क्षणी आपण वाऱ्याशी कमी आणि मोज्याशी जास्त झगडतो. खास बारीक हँडल घेऊन त्यावर जाड मोजे घालणं म्हणजे बांगडी मोठी घेऊन हातावर फडकं गुंडाळणं. तळवा उघडा असलेले मोजे मिळतात, वरून झाकलेले, आतून मोकळे. थंडी थोडी लागते. मी ती सोसते.

दोन हँडलांमधलं अंतर मात्र कुणी विचारत नाही. माझी उंची पाच फूट. पाच मीटरच्या विंगेवर मागचं हँडल इतकं मागे होतं की हात ताणून धरावा लागे आणि मनगट एका बाजूला वाकलेलं राही. वाकलेल्या मनगटावर ओढ आली की बोगद्यातलं घासणं वाढतं. मी चार मीटरच्या विंगेवर आले, हँडलं जवळ आली, विंगेचं टोक पाण्यात बुडायचंही थांबलं. कमी शिडात बोर्ड उचलायला अडचण येईल अशी भीती होती, ती खालचं फॉइल मोठं घेऊन मिटवली. बूमवर हा प्रश्नच नाही, हात कुठेही सरकवा. म्हणून ठेंगण्या बाईनं बूमवाली विंग एकदा तरी उसनी घेऊन बघावी.

आता कासाराकडे. एका दुपारी किनाऱ्यावरच्या एका वयस्कर खेळाडूनं मला पाण्यातून बाहेर येताना बघितलं आणि म्हणाला, तुझी पेरं पांढरी पडलीत. बांगड्या भरताना पडली होती तशीच. त्यानं सांगितलं ते एवढंच, की विंग धरायची नसते, तिला लटकायचं असतं. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. लोकलच्या कडीला कुणी मूठ आवळून उभं राहत नाही. चार बोटांचा आकडा करायचा, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, आणि मनगट सरळ. अंगठ्यानं वेढा घातला नाही की त्या दोन सुजलेल्या स्नायुबंधांना कामच उरत नाही. माझ्या दुखण्याला हा एक बदल कुठल्याही कार्बनच्या दांड्यापेक्षा जास्त लागू पडला, आणि तो फुकट होता. मोठ्या झोताच्या वेळी अंगठा आपोआप खाली सरकतो. सरकू द्यावा, मग परत वर घ्यावा.

उरलेल्या गोष्टी भरभर सांगते. कमरेचा हार्नेस घ्या. दोन हँडलांमध्ये एक दोरी बांधायची आणि ती कमरेच्या हुकात अडकवायची, की हात नुसते दिशा द्यायला. लोक म्हणतात आधी नीट शिका, मग हार्नेस. धडधाकट मनगटांसाठी खरं असेल. मी बोर्डावर स्थिर उभी राहायला लागल्याबरोबर घेतला. विंगेची सुरक्षादोरी मनगटाला बांधू नका, कमरेला बांधायची मिळते. पडल्यावर विंग वाऱ्यानं उडते आणि तो हिसका मनगटाला बसला तर महिन्याभराचा आराम वाया जातो. पडताना विंग सोडून द्या. वाचवायला जाऊ नका, दोरी आहे.

आणि पंप. हे मला कळायला सहा महिने लागले आणि कळल्यावर स्वतःवरच हसू आलं. मी हँडलांचे मिलिमीटर मोजत बसले होते, आणि दर शनिवारी पाण्यात उतरायच्या आधी हातपंपानं विंग टणक होईपर्यंत दोन्ही अंगठे दांड्याभोवती आवळून दणादण पंप करत होते. म्हणजे दुखणं वाळूवरच तयार करून मग पाण्यात नेत होते. गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप घेतला. तो नसेल तर कुणाला तरी सांगा. किनाऱ्यावर पंप मारून द्यायला माणसं मिळतात, पोरं तर हौसेनं मारतात.

फ्रीमाँटच्या ताई, तुमच्यासाठी: अजून काही मागवू नका. येत्या शनिवारी दुपारी अलामेडाला या, वारा एक-दीडनंतरच नीट लागतो. मात्र भरती बघून निघा. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी लांबवर पसरतं आणि फॉइल तळाला घासतं. माझी चार मीटरची कडक हँडलवाली आहे, शेजारच्या बाईंची बूमवाली आहे, आणि ती जुनी मऊवाली अजून गॅरेजात पडली आहे. तिन्ही वाळूवर उभ्या राहून दहा-दहा मिनिटं वाऱ्यात धरून बघा, पाण्यात जायचीही गरज नाही. मोजे घरी ठेवा. आणि बांगड्या काढून या, मागच्या वेळी माझी एक फुटली.